नायकाला रॉयल फ्लश देऊ नका

प्रश्न थोडक्यात असा होता: "पंधरा मिनिटांचा लघुपट लिहितोय. शेवटचा प्रसंग पुण्यातल्या एका फ्लॅटवर, चार मित्र रात्री पोकर खेळतायत. नायकाच्या डोक्यावर कर्ज. शेवटच्या डावात समोरच्याकडे चार राजे निघतात आणि नायकाकडे रॉयल फ्लश (एकाच रंगाची दश्शी ते एक्का अशी पाच पानं, पोकरमधला सगळ्यात मोठा हात). पोकर खेळणाऱ्या एका मित्राला वाचायला दिलं तर तो हसत सुटला. प्रसंग खरा वाटायला काय करू? आणि ज्यांना पोकर येत नाही त्या प्रेक्षकांना नियम कुठे समजावू?"

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे बोलणं कुठून येतंय ते कळेल. मी सावंतवाडीची. आमच्या गावाचं नाव पत्त्यांशी जुनंच जोडलेलं आहे, पण ते गोल, लाखेच्या गंजिफांमुळे. मी मात्र बावन्न पानांच्या कॅटवर पोट भरलं. पणजीला मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीवर नऊ वर्षं डीलर, म्हणजे पत्ते वाटणारी, होते, पोकर, तीन पत्ती, ब्लॅकजॅक सगळं वाटलं. नंतर शूटिंगवाल्यांना पत्त्यांची तांत्रिक बाजू बघणारी कुणीतरी लागते म्हणून तिकडे गेले. पडद्यावर तुम्ही माझे हात पाहिले असतील, चेहरा नाही.

मित्राचं हसणं मनाला लावून घेऊ नका. गणिताने तुमचा डाव अशक्य नाही. टेक्सस होल्डेम या पोकरच्या प्रकारात दोन पत्ते ज्याचे त्याचे आणि पाच पत्ते सगळ्यांचे सामाईक असतात. त्यांत दोन राजे पडले, त्यातला एक नायकाच्याच रंगाचा असला आणि त्याच रंगाची आणखी दोन योग्य पानं आली, तर चार राजे आणि रॉयल फ्लश एकाच डावात निघू शकतात. हे लिहिताना तुम्ही तपासलं होतंत की आपोआप जुळून आलं, ते मला माहीत नाही. जुळून आलं असेल तर तुमचं नशीब नायकापेक्षा चांगलं आहे.

सात पत्त्यांतून रॉयल फ्लश बनण्याची शक्यता ३०,९४० मध्ये एक. नुसते पाच पत्ते वाटले तर ६,४९,७४० मध्ये एक. मी प्रत्यक्ष पाहिलेले रॉयल फ्लश दोन हातांच्या बोटांत मावतील, आणि त्यातल्या बऱ्याच वेळा पुढे काहीच झालं नाही. टेबलावर एकाच रंगाचा एक्का, राजा, राणी दिसल्यावर बाकीच्यांनी पत्ते टाकले, म्हणजे डाव सोडून दिला, आणि आयुष्यात एकदा येणारा हात घेऊन बसलेल्या माणसाला चिल्लर मिळाली. एका गृहस्थांनी तर पत्ते उलटे करून सगळ्यांना दाखवले, फोटो काढायला परवानगी मागितली (मिळाली नाही), आणि पुढच्या तासाभरात सगळे पैसे घालवून ते जेवायला गेले. तुमच्या लघुपटाला हा प्रसंग जास्त शोभला असता, पण ते जाऊ दे.

माझ्या मते तुमचा अडथळा शक्यता-अशक्यतेचा नाहीच. कॅटमध्ये काय होऊ शकतं यावर प्रेक्षक सिनेमात वाद घालत नाही. तुमच्या प्रसंगात कुणालाच काही ठरवायचं नाही, ही खरी अडचण. रॉयल फ्लशवाला हरूच शकत नाही. चार राजे घेऊन बसलेला पत्ते टाकणं शक्यच नाही. दोघंही पैसे पुढे सरकवणार, पत्ते उघडणार, एक जिंकणार. लॉटरीची सोडत बघण्यात आणि यात फरक काय राहिला? पोकर बघण्याजोगं होतं ते जेव्हा एखाद्याकडे बेताचा हात असतो आणि समोरचा मोठी रक्कम पुढे ढकलून गप्प बसतो, तेव्हा.

आता तुम्ही म्हणाल, 'कॅसिनो रोयाल' या जेम्स बाँडपटाचं काय? २००६ च्या त्या चित्रपटात शेवटच्या डावात चौघांचे पैसे आत आहेत. एकाकडे फ्लश (एकाच रंगाची पाच पानं), दोघांकडे फुल हाउस (एक तिकडी आणि एक जोडी) आणि बाँडकडे इस्पिकच्या चौकीपासून अठ्ठीपर्यंतचा स्ट्रेट फ्लश (एकाच रंगाची ओळीने पाच पानं). पॉट, म्हणजे मधोमध जमलेली रक्कम, साडेअकरा कोटी डॉलरचा. तुमच्या डावाइतकाच अचाट. वर शेवटची ऑल-इन (सगळी रक्कम एकदम लावणं) बाँडची असल्यामुळे नियमाने पत्ते आधी त्याने उघडायचे, तर हा पठ्ठ्या सगळ्यांचे बघून झाल्यावर सावकाश उघडतो. आमच्या टेबलावर असं कुणी केलं असतं तर मराठी, कोकणी आणि गुजराती अशा तिन्ही भाषांत उद्धार झाला असता. तरी तो प्रसंग चालतो. कारण खरा डाव त्याआधी होऊन गेलेला आहे: समोरचा खलनायक बोट डोळ्याकडे नेतो ती खूण बाँडने हेरली, तिच्यावर विसंबला, आणि फसून सगळे पैसे घालवले. प्रेक्षकाने त्याला चुकीचा निर्णय घेताना बघितलेलं आहे. शेवटचे पत्ते हे नुसते फटाके. मूळ १९५३ च्या कादंबरीत तर पोकर नव्हतंच, बकारा होता. त्यात ठरवण्यासारखं फारच कमी असतं. चित्रपट येईपर्यंत पोकर टीव्हीवरून लोकांच्या घरात शिरलं होतं, म्हणून खेळ बदलला.

टीव्हीवरून ते घरात कसं शिरलं, हे तुम्ही नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

पोकरची सगळ्यात नावाजलेली स्पर्धा, वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर, लास व्हेगासला १९७० पासून चालू आहे. टीव्हीवाले अधूनमधून कॅमेरे घेऊन जायचे. पण दिसायचं काय? टोपी घातलेले काही पुरुष चिप्स (पैशांऐवजी लावायच्या चकत्या) खेळवतायत आणि बराच वेळ कुणी काही बोलत नाहीये. प्रत्यक्ष पोकर बघायला अतिशय कंटाळवाणं असतं, हे मी पगार घेऊन बघितलेलं आहे. तासाला पंचवीस-तीस डाव वाटून होतात आणि त्यातले बहुतेक पत्ते न उघडताच संपतात. कुणाकडे काय होतं ते कळतच नाही.

मग हेन्री ओरेनस्टाइन नावाच्या माणसाने टेबलाच्या कडेला लपवलेल्या कॅमेऱ्याची कल्पना पेटंट केली. हा माणूस पोलंडमध्ये जन्मलेला, नाझी छळछावण्यांतून वाचलेला, पुढे अमेरिकेत खेळणी बनवणारा. ट्रान्सफॉर्मर्स खेळणी अमेरिकेत येण्यामागेही त्याचा हात होता. त्याच सुमारास, १९९९ मध्ये, ब्रिटनच्या चॅनल ४ वर 'लेट नाइट पोकर' सुरू झालं. तिथे टेबलाच्या कडेला काच आणि खाली कॅमेरा. खेळाडू पत्ते काचेवर ठेवून बघायचा आणि ते घरबसल्या आपल्याला दिसायचे. पुढे २००३ मध्ये अमेरिकेत 'वर्ल्ड पोकर टूर' टीव्हीवर आलं आणि गाडी सुटली ती सुटलीच. हल्ली काच लागत नाही, पत्त्यांतच चिप बसवलेली असते आणि टेबलाखालचा सेन्सर ती वाचतो. प्रक्षेपण मुद्दाम काही वेळ मागे ठेवतात, नाहीतर कुणी घरून फोन करून सांगायचं.

या एका कॅमेऱ्याने केलं काय? खेळाडूंपेक्षा जास्त माहिती प्रेक्षकाला दिली. आमच्याकडे दशावतारात कपटी साधूच्या वेशात कोण आलंय ते पहिल्या रांगेतल्या पोराला ठाऊक असतं, फक्त राजाला नसतं, आणि म्हणूनच ते पोर झोप विसरून बसतं. तेच इथे झालं.

वर्ल्ड सिरीजचा २००३ चा अंतिम सामना यूट्यूबवर शोधून बघा. एका बाजूला ख्रिस मनीमेकर, टेनेसीतला सत्तावीस वर्षांचा अकाउंटंट, ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून तिथवर पोचलेला. आडनाव खरंच तेच. समोर सॅमी फरहा, मुरलेला व्यावसायिक, ओठांत न पेटवलेली सिगारेट. एका डावात फरहाकडे नव्वीची जोडी आहे. मनीमेकरकडे राजा आणि सत्ती. इस्पिकचं एक पान आलं असतं तर फ्लश झाला असता, पंजी किंवा दश्शी आली असती तर स्ट्रेट, म्हणजे ओळीने पाच पानं. शेवटचं पान पडतं बदामाची तिरी. म्हणजे हातात काहीच नाही. आणि तो सगळ्या चिप्स पुढे ढकलतो. फरहा बघत बसतो. तुझा फ्लश हुकला वाटतं, असं बोलूनही दाखवतो. अगदी बरोबर ओळखलेलं असतं त्याने! आणि तरी पत्ते टाकतो.

पत्ते बघा: नव्वीची जोडी विरुद्ध काहीच नाही. यापेक्षा मोठा हात झब्बू खेळणाऱ्या पोरांकडेही असतो. तरी वीस वर्षांनंतर लोक तोच डाव दाखवतात. त्या वर्षी स्पर्धेत ८३९ जण होते. पुढच्या वर्षी २,५७६ झाले.

मग तुमच्या लघुपटात हे कसं उतरवायचं? इथे मात्र सरसकट उत्तर नाही, गोष्ट कुणाची आहे त्यावर ठरेल. नायक थाप मारणारा असेल तर प्रेक्षकाला त्याच्या पाठीमागे बसवा. त्याचे फालतू पत्ते दिसू देत, समोरच्याचे दाखवू नका. नायकावर थाप मारली जातेय की नाही हा प्रश्न असेल, तरी बसायचं त्याच्याच मागे, पण हातात मधला हात द्या, राणीची एक जोडी वगैरे. टाकायला जीव होत नाही आणि पैसे भरायला छाती होत नाही, असा. दोघांचेही पत्ते दाखवायचे तर टीव्हीसारखं होईल. तेव्हा मजा निकालात न राहता चेहऱ्यांत येते, आणि त्यासाठी नट तेवढे तयारीचे हवेत. नवखे असतील तर या वाटेला जाऊ नका.

चौथीही वाट आहे. तुमची मंडळी पुण्यातल्या फ्लॅटवर बसलीयत म्हणता, मग पोकरच कशाला? तीन पत्ती का नाही? दिवाळीत अर्ध्या सोसायट्यांत चालते. बूट, चाल, पॅक, शो हे शब्द प्रेक्षकाला शिकवावे लागत नाहीत. आणि तीन पत्तीत एक गोष्ट आहे जी पोकरमध्ये नाही: ब्लाइंड. स्वतःचे पत्ते न बघता खेळणारा माणूस. त्याला चाल निम्मी पडते आणि पत्ते बघितलेल्याला दुप्पट, म्हणजे अज्ञानी माणूस माहितगाराला दमवतो. तीन पानं पालथी पडलीयत, त्यांत काय आहे ते नायकाला माहीत नाही, समोरच्याला नाही, प्रेक्षकालाही नाही. कॅमेऱ्याला दाखवायला काहीच नाही आणि तरी नजर हलत नाही. मला कुणी विचारलं तर कर्जात बुडालेल्या माणसासाठी मी हाच खेळ निवडेन, कारण असा माणूस पत्ते बघायलाच घाबरतो. फक्त शेवटी तीन एक्के काढू नका. तेही ५,५२५ मध्ये एकदाच येतात, हिंदी सिनेमात दर शुक्रवारी येत असले तरी.

उद्या प्रसंग फ्लॅटवरून कॅसिनोत न्यायचा विचार आला तर एक लक्षात असू द्या. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही झाला. पणजीला न्यायचं तर नायक गोव्याचा रहिवासी दाखवू नका, तिथल्या लोकांना २०२० पासून कॅसिनोच्या खेळाच्या भागात प्रवेश नाही.

इथवरचं दोन ओळींत: हात लहान ठेवा, निर्णय अवघड ठेवा, आणि लिहायला बसण्याआधी प्रेक्षक कुणाच्या खुर्चीमागे उभा आहे ते ठरवा.

नियम समजवण्याबद्दल. समजवूच नका. प्रेक्षकाला दोनच गोष्टी कळायला हव्यात: किती पैसे आत गेले, आणि आत्ता कोण पुढे आहे. 'कॅसिनो रोयाल'मध्ये न खेळणारी नायिका बाजूला उभी असते आणि एक जण तिला हळूच सांगत असतो, ते आपल्यासाठीच असतं. तुमच्याकडे चहा घेऊन येणारी नायकाची बहीण असू शकेल. "किती लावलेस?" एवढं तिने विचारलं तरी पुरे. आणि तिने आत यावं ती नायक हरत असताना.

आता टेबलावरच्या चुका, ज्या बघून तुमच्यासारख्यांचे मित्र हसतात.

"तुझे पाच हजार, आणि वर... आणखी दहा हजार!" हे वाक्य खोडा. रक्कम दोन टप्प्यांत सांगता येत नाही. पाच म्हणालात की पाचच. नाहीतर माणूस पाच टाकेल, समोरच्याचा चेहरा बघेल आणि मग ठरवेल. पहिल्याच आठवड्यात डीलरला हे थांबवायला शिकवतात. घड्याळ, गाडीची किल्ली, घराचे कागद हेही नाही. डाव सुरू होताना जेवढं पुढ्यात आहे तेवढ्यावरच खेळायचं. अर्थात मित्रांच्या फ्लॅटवर नियम धाब्यावर बसवले जातात, तेव्हा किल्ली ठेवायचीच असेल तर दुसऱ्या मित्राला "ए, हे चालणार नाही" असं म्हणू द्या. त्या विरोधानेच प्रसंग खरा होईल.

हात थरथरले म्हणजे माणूस थाप मारतोय असं सिनेमावाले धरून चालतात. माझ्या पाहण्यात उलटं जास्त. डीलरची नजर चेहऱ्यावर कमी आणि हातांवर जास्त असते, कारण चिप्स मोजायच्या असतात. थाप मारणारा आधीच दगड झालेला असतो. ज्याला खरोखर मोठा हात लागतो त्याची बोटं कापतात, चिप्सची चळत सरळ राहत नाही. १९९८ च्या 'राउंडर्स' या पोकरपटात खलनायकाची खूण त्याच्या बिस्किट खाण्याच्या पद्धतीत आहे. इतकं ढळढळीत कुणी नसतं, पण प्रेक्षकाला ती आधी शिकवलेली असल्यामुळे चालून जाते. आणि शेवटच्या डावात नायकाला पहिल्या तीन सामाईक पत्त्यांतच स्ट्रेट लागलेला असतो, मग सगळा थरार तो लपवण्यात. मोठा हात द्यायचाच असेल तर असा द्या, सुरुवातीलाच, म्हणजे तो सांभाळत बसावं लागेल.

चिप्स हलक्या प्लॅस्टिकच्या आणू नका, शर्टाच्या गुंड्या सांडल्यासारखा आवाज येतो. एका वेबसिरीजच्या चित्रीकरणात तशाच आल्या होत्या. वर दिग्दर्शकाला त्या दर टेकला पॉटमध्ये उधळून हव्या होत्या. अकरा टेक झाले, कुणी मोजलं नाही, आणि संकलनानंतर नायक डाव हरल्यावर त्याची रास वाढलेली दिसते. मी तेव्हा गप्प बसले याचं अजून वाईट वाटतं. प्रत्येक टेकच्या आधी प्रत्येकाच्या राशीचा फोटो काढा.

पत्ते जुळवून ठेवायची रीतही सांगते, कारण सेटवर नेहमी इथेच घोळ होतो. चार खेळाडू, होल्डेम. पहिली फेरी पान एक ते चार, दुसरी पाच ते आठ. म्हणजे तिसऱ्या खुर्चीतल्या नायकाची पानं तिसरं आणि सातवं. नववं पान न दाखवता बाजूला जातं. दहा, अकरा, बारा उघडी. तेरावं बाजूला, चौदावं उघडं. पंधरावं बाजूला, सोळावं शेवटचं. वरची सोळा पानं लावून ठेवलीत की बाकीचा कॅट कसाही असो. पिसण्याचा शॉट दुसऱ्या कॅटवर वेगळा घ्या, दोन्हींची पाठ एकाच रंगाची बघून. १९७३ च्या 'द स्टिंग'मध्ये पत्ते खेळवणारे हात पॉल न्यूमनचे नाहीत, जॉन स्कार्नी या पत्त्यांतल्या उस्तादाचे आहेत. तेव्हा हातांसाठी दुसरं माणूस घ्यायला लाजू नका. फक्त नखं जुळवा. माझे हात एकदा नायकाचे म्हणून लावायचा घाट घातला होता, बांगडीचा वळ दिसला म्हणून वाचले.

शेवट मी असा करेन. नायकाकडे हुकलेला फ्लश, प्रेक्षकाला तो दिसलेला. नायक सगळं पुढे ढकलतो. मित्र बराच वेळ बघतो, दोन नव्व्या पालथ्या टाकतो आणि म्हणतो, "दाखव ना रे, काय होतं?" समोरच्याने पत्ते टाकल्यावर जिंकणाऱ्याला दाखवायची सक्ती नसते. नायक आपली दोन पानं पालथीच ढिगात सरकवतो. चौथा मित्र पानं गोळा करतो आणि पुढचा डाव पिसायला घेतो. बहीण कप उचलायला आलेली असते, ती नायकाच्या मागेच उभी होती.